पाणलोटाचे काम झाले, पाणीही वाढले. तरी विहिरी जानेवारीतच का आटतात?

बालाघाटचा पायथा यांचा प्रश्न

नमस्कार. आमचे गाव बीड जिल्ह्याच्या पश्चिम भागात, बालाघाट डोंगररांगेच्या पायथ्याशी आहे. शिवार सुमारे 800 हेक्टर आणि वस्ती दीड हजाराच्या आसपास आहे. पाऊस चांगल्या वर्षी 600 मिलिमीटरपर्यंत होतो आणि वाईट वर्षी 300 च्याही खाली जातो. माझी स्वतःची तीन एकर जमीन आहे, त्यांपैकी दोन एकर मुरमाड माळ असून एक एकर ओढ्याकाठची काळी आहे.

2018 च्या उन्हाळ्यात गावाने दीड महिना श्रमदान केले. डोंगरउतारावर सलग समतल चर खणले, ओढ्यावर दगडी बांध घातले आणि जुन्या पाझर तलावातला गाळ काढून माळरानावर पसरला. माझी आई तेव्हा साठीच्या पुढे होती, तरी ती रोज सकाळी टोपले घेऊन चरावर जात असे. पुढची दोन-तीन वर्षे त्याचे फळ दिसले. ज्या विहिरी डिसेंबरमध्ये तळ गाठत, त्यांना मार्चपर्यंत पाणी राहिले आणि माझ्या एक एकरावर प्रथमच हरभऱ्याला दोन पाणी देता आले.

त्यानंतर मात्र चित्र पालटले. पाणी वाढल्याचे दिसताच गावात नव्या बोअर झाल्या. त्यांची संख्या आज साठच्या वर आहे आणि प्लॅस्टिक कागद टाकलेली शेततळी तीसच्या घरात गेली आहेत. कांदा वाढला, डाळिंब आले, तीन-चार जणांनी ऊसही लावला. 2023 च्या ऑगस्टमध्ये पावसाने महिनाभर दडी मारली तेव्हा आमचा खरीप तर गेलाच, शिवाय माझी विहीर जानेवारीत पुन्हा कोरडी पडली. शेजारच्या शेततळ्यात त्याच वेळी दहा फूट पाणी होते.

आता तरुण मंडळी पुन्हा श्रमदान करू म्हणतात. त्यांच्या उत्साहाबद्दल मला आदर आहे. तरीही मनात प्रश्न येतो की ज्या चरांसाठी माझ्या आईने माती उचलली, त्या चरांतून मुरलेले पाणी कोणाच्या वाट्याला गेले? हवामान असेच लहरी होत जाणार असेल, तर गावाने एकत्र येऊन केलेले जमीन-पाण्याचे संवर्धन आमच्यासारख्या दोन-तीन एकरवाल्यांना खरोखर तारते का, आणि ते तारावे म्हणून गावाने काय ठरवायला हवे? ज्यांनी हे प्रत्यक्ष केले किंवा जवळून पाहिले आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

माथा ते पायथा यांचा प्रतिसाद

मी संगमनेर आणि पारनेरच्या पठारी भागात बरीच वर्षे पाणलोटाच्या कामात होतो. आपला प्रश्न वाचून आश्चर्य वाटले नाही, दुःख मात्र झाले, कारण हेच मी आणखी काही गावांत घडताना पाहिले आहे.

1972 च्या दुष्काळापासून महाराष्ट्रात मृदसंधारणाची कामे फार मोठ्या प्रमाणावर झाली. रोजगार हमीवर लाखो माणसांनी बांध घातले आणि तलाव खोदले. त्यांतले पुष्कळ काम पुढे वाहून गेले किंवा गाळाने भरले, कारण ते सरकारचे काम होते आणि गावाने ते आपले मानले नाही. 1990 च्या दशकात फादर हर्मन बाखर यांच्या प्रयत्नांतून उभ्या राहिलेल्या भारत-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रमाने या अनुभवापासून धडा घेतला. गावाने आधी काही महिने श्रमदान करून आपली तयारी दाखवायची, कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी पाळायची, आणि मगच मोठा निधी यायचा, असा क्रम त्यात होता. प्रत्येक गट क्रमांकावर शेतकरी नवरा-बायकोला बरोबर घेऊन उभे राहायचे आणि या तुकड्यात बांध कोठे, चर कोठे, झाड कोणते हे त्यांच्याशी बोलून ठरवायचे, ही पद्धत वेळखाऊ होती. पण असा बांध फुटला की शेतकरी स्वतः फावडे घेऊन जातो.

यात एक बाजू नेहमी झाकली जाते, ती चराईबंदीची. डोंगर बंद केला की गवत उभे राहते, माती थांबते आणि दोन-तीन पावसाळ्यांत पवन्या, मारवेल अशी चांगली गवते परततात, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. पण डोंगर बंद होतो त्या दिवशी त्याची किंमत कोण मोजते? ज्याच्याकडे जमीन नाही आणि पंधरा शेळ्या आहेत तो. एका गावात आम्ही अख्खा डोंगर एकदम बंद केला आणि मेंढपाळांच्या चार कुटुंबांना जनावरे विकावी लागली. ती आमची चूक होती आणि ती आजही बोचते. पुढच्या गावात डोंगराचे तीन भाग केले, एका वेळी एकच भाग बंद ठेवला, आणि बंद भागातले गवत कापून नेण्याचा पहिला हक्क भूमिहीनांना दिला. तेथे बंदी टिकली, कारण ती मोडण्याची गरज कोणाला पडली नाही.

आपल्या गावाने चर खणले, पण मुरलेले पाणी कसे वापरायचे यावर ग्रामसभेत एकदा तरी बोलणे झाले होते का? हिवरे बाजारचे नाव सगळे घेतात आणि तेथील झाडे-बंधारे पाहून परत येतात. त्या गावाची खरी कमाई पाहुण्यांना दिसत नाही. शेतीसाठी बोअर घ्यायची नाही, ऊस आणि केळी लावायची नाहीत, आणि पावसाळा संपला की पडलेला पाऊस मोजून ग्रामसभेतच पाण्याचा ताळेबंद मांडायचा. पोपटराव पवार सरपंच झाले ते 1990 च्या सुमारास. पाणी वाढायला काही वर्षे लागली, पण पाणी वाढल्यानंतरही हे नियम सैल झाले नाहीत, म्हणून जेमतेम 400 मिलिमीटर पावसाचे ते गाव वाईट वर्षीही टँकर मागत नाही.

खडकओळख यांचा प्रतिसाद

भूजल हा माझा कामाचा विषय असल्यामुळे थोडे जमिनीखालचे लिहितो.

महाराष्ट्राचा चार पंचमांश भाग बेसॉल्ट खडकावर आहे. त्यात वर माती, खाली मुरूम, त्याखाली कोठे भेगांचा खडक, तर कोठे सलग काळा पाषाण अशी थरांची उतरंड असते. पाणी साठते ते मुख्यतः मुरमात आणि भेगांत. ही साठवण उथळ आणि लहान असते. ती पावसाळ्यात लवकर भरते आणि तितक्याच लवकर रिकामी होते. आपली विहीर आणि शेजारची विहीर ही एकाच रांजणात बुडवलेली दोन भांडी आहेत. सातबारा वेगळा असला, तरी खालचे पाणी एकच असते. शेजाऱ्याने सप्टेंबरपासून रात्रंदिवस मोटर चालवून शेततळे भरले, तर ते पाणी आपल्याही विहिरीतलेच असते. म्हणूनच विहीर किंवा बोअर उपसून भरलेल्या शेततळ्याला मी जलसंधारण म्हणत नाही. जमिनीखाली सावलीत, सर्वांच्या मालकीचे असलेले पाणी उन्हात आणून एकाच्या नावावर करणे, असे ते आहे. आपल्याकडच्या उन्हात उघड्या पाण्याचे बाष्पीभवन वर्षाला दीड मीटरच्या घरात जाते, हा तोटा आणखी निराळा.

आपल्या गावाचा ताळेबंद ढोबळपणे मांडून पाहू. एका हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे 10,000 लिटर. 800 हेक्टरवर 400 मिलिमीटर पाऊस पडला, तर ते 320 कोटी लिटर होतात. आकडा मोठा वाटतो, पण त्यातला बराचसा भाग मातीत मुरून पिके, गवत आणि झाडे घेतात किंवा तो वाफ होऊन जातो, आणि काही ओढ्याने वाहून जातो. खडकात उतरणारा हिस्सा दहाव्या भागाच्या आसपास धरला, तर 32 कोटी लिटर हाती राहतात. चरांमुळे हा हिस्सा वाढतो, पण त्यालाही खडकाची मर्यादा असते. दीड हजार माणसांना दररोज 55 लिटर म्हणजे वर्षाला 3 कोटी लिटर. सहाशे मोठी जनावरे धरली, तर त्यांना 1 कोटीहून थोडे अधिक. शेतीसाठी उरले 28 कोटी लिटर.

आता या 28 कोटींचे दोन उपयोग पाहा. उसाला पावसाचा हिस्सा वजा जाता हेक्टरी दीड कोटी लिटर पाणी द्यावे लागते. म्हणजे सगळ्या गावाचे पाणी खर्चून 18-19 हेक्टर ऊस होईल. तेच पाणी हरभऱ्याला 60 मिलिमीटरच्या दोन पाळ्यांनी दिले, तर 230 हेक्टरांहून अधिक क्षेत्र भिजेल. 30 मीटर लांब, 30 मीटर रुंद आणि 3 मीटर खोल अशा उतरत्या बाजूंच्या एका शेततळ्यात साधारण 22 लाख लिटर मावतात. आपली तीस शेततळी एकदा भरायला 6 कोटी 60 लाख लिटर लागतात आणि ती दोनदा भरली, तर शेतीच्या पाण्यातला जवळजवळ निम्मा भाग तेथेच संपतो. आपली विहीर जानेवारीत का आटते, याचे उत्तर या गुणाकारात आहे.

कायद्याचा आधार आहे, पण तो एकट्याने पुरत नाही. 2009 चा महाराष्ट्र भूजल अधिनियम 2014 मध्ये लागू झाला आणि त्यात शेती किंवा उद्योगासाठी 60 मीटरपेक्षा खोल विहीर खोदण्यास मनाई आहे. रात्री गावात शिरणारी बोअरची गाडी अडवायला मात्र शेवटी गावालाच उभे राहावे लागते. ताळेबंदाची सुरुवात साध्या गोष्टींनी करता येते. शाळेच्या आवारात एक पर्जन्यमापक बसवावा, वरच्या, मधल्या आणि खालच्या भागातल्या मिळून दहा-बारा विहिरी निवडाव्यात आणि दर महिन्याच्या ठरलेल्या दिवशी त्यांची पातळी टेपने मोजून चावडीवर लिहावी. मोजमाप सर्वांच्या डोळ्यांसमोर आले की चर्चा आपोआप आरोपांवरून आकड्यांवर येते.

चार एकर डाळिंब यांचा प्रतिसाद

माझे शेततळे आहे आणि मी ते विहिरीवरून भरतो. वरचे प्रतिसाद वाचून मी गावाचे पाणी पळवतो असे चित्र उभे राहते, म्हणून माझी बाजू मांडणे आवश्यक वाटते.

मीही चार एकरवालाच आहे. बाजरी आणि तुरीवर दोन मुलांचे शिक्षण होत नव्हते. बाग लावली ती कर्ज काढून, शेततळ्याला शासनाचेच अनुदान मिळाले आणि त्या वेळी कोणीही मला पाणी कोठून आणणार हे विचारले नाही. बाग एका उन्हाळ्यात वाळली तर केवळ एका हंगामाचे नुकसान होत नाही, पाच वर्षांचे श्रम जातात आणि कर्ज शिल्लक राहते. पावसाचा भरवसा उरला नाही म्हणून तर मी पाणी साठवतो. हवामानाशी जुळवून घेणे म्हणतात ते माझ्या परीने मी हेच केले.

नियम करायचा असेल तर मी ग्रामसभेत बसायला तयार आहे, परंतु तो आजपासून पुढच्यासाठी असावा आणि लावलेल्या बागेला जगण्यापुरते पाणी त्यात धरलेले असावे.

खडकओळख यांचा प्रतिसाद

आपले म्हणणे मी मान्य करतो, आणि माझ्या लिहिण्यातून व्यक्तीवर ठपका आला असेल तर क्षमस्व. शेततळे ओढ्याच्या किंवा उतारावरच्या वाहत्या पाण्याने भरले तर त्याला माझा विरोध नाही. विहिरीवरून भरायचेच असेल, तर एका कुटुंबाला एकच शेततळे, वर्षातून एकदाच भरणे आणि तेही पावसाळा चालू असताना, असे बंधन घालता येते. असलेल्या बागांचे पाणी ताळेबंदात आधी धरावे आणि नवी बाग मात्र ग्रामसभेच्या संमतीशिवाय लावू नये, या अटीवर एकमत होण्याची शक्यता मला अधिक वाटते.

कऱ्हाकाठ यांचा प्रतिसाद

पाण्याच्या वाटणीचा विचार महाराष्ट्रात नवा नाही. आमच्या पुरंदर तालुक्यात नायगाव येथे विलासराव साळुंखे यांनी 1972 च्या दुष्काळानंतर देवस्थानची 16 हेक्टर उजाड जमीन कराराने घेतली, ती बांधबंदिस्तीने सावरली आणि त्यातून पाणी पंचायतीची कल्पना उभी राहिली. तिचे नियम आजही पुन्हा वाचावेत असे आहेत. पाणी जमिनीच्या प्रमाणात मिळणार नाही, ते माणसांच्या संख्येवर मिळेल: माणशी अर्ध्या एकराला पुरेल इतके आणि कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांचे. पाण्याचा हक्क जमिनीला चिकटलेला नसेल, म्हणून जमीन विकली तरी पाणी विकले जाणार नाही. भूमिहीनालाही पाण्याचा वाटा असेल. ऊस लावायचा नाही. योजनेच्या खर्चाचा पाचवा हिस्सा लाभधारकांनी स्वतः घालायचा.

यातला माणशी वाट्याचा नियम मला सर्वात मोलाचा वाटतो. प्रश्नकर्त्यांच्या आईने टोपले उचलले ते आपल्याकडे किती एकर आहेत हे मोजून उचलले नव्हते. मग पाण्याचा वाटा तेवढा एकरांवर आणि मोटरच्या अश्वशक्तीवर का ठरावा?

अडचणही सांगितली पाहिजे. या योजना उपसा सिंचनाच्या होत्या आणि पाणी एका ठिकाणाहून सोडले जाई, त्यामुळे चावी गटाच्या हाती राहत असे. साठ बोअर साठ जणांच्या दारात असतील, तर अशी एक चावी कोठेच नसते. म्हणून तेथे पाणी मोजण्याऐवजी पिकावर बंधन घालणे सोपे पडते. कोणी किती तास मोटर चालवली हे कळत नाही, पण कोणाच्या रानात ऊस उभा आहे हे सर्वांना दिसते.

मोहोळची काळी यांचा प्रतिसाद

वरची सगळी चर्चा विहिरीतल्या पाण्याची झाली. ज्यांना विहीरच नाही त्यांच्याविषयी मला लिहायचे आहे, कारण मी तशाच घरातली आहे. आमच्याकडे पाच एकर काळी जमीन आहे, विहीर नाही आणि बोअर दोनदा कोरडी गेली.

अशा शेतकऱ्याचे धरण म्हणजे त्याची माती. सोलापूरला कोरडवाहू शेतीचे संशोधन 1933 पासून चालू आहे, आणि तेथून शिकवली गेलेली एक अगदी साधी गोष्ट आमच्या घराने धरून ठेवली आहे. खरिपात रान मोकळे ठेवायचे, त्यात सारा यंत्राने चौकोनी वाफे पाडायचे आणि हस्तापर्यंतचा प्रत्येक पाऊस जागच्या जागी मुरवायचा. मग सप्टेंबरच्या उत्तरार्धात किंवा ऑक्टोबरच्या आरंभी वापसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, आला की त्याच ओलीवर मालदांडी ज्वारी पेरायची. खोल काळ्या रानात ती पुढे पाण्याच्या एका थेंबाशिवाय कणसावर येते, आणि कडब्यावर दोन म्हशी उन्हाळा काढतात. वरच्या शिवारातले बांध नीट असतील तर माती वाहून जात नाही. माती जितकी खोल, तितकी ओल अधिक दिवस टिकते. बोअर नसलेल्या घराला पाणलोटाच्या कामातून मिळणारा हा वाटा कोणी मोटर लावून उपसू शकत नाही.

प्रश्नकर्त्यांच्या दोन एकर माळावर मात्र मालदांडी साधणार नाही, कारण मुरमात ओल धरत नाही. तेथे बाजरीत तूर किंवा मटकी-हुलगा हेच खरे पीक आहे. पावसाचा महिनाभर खंड पडला तरी हुलगा काहीतरी पदरात टाकतो. आमच्या गटातल्या बायका दरवर्षी उभ्या पिकातली चांगली कणसे आणि शेंगा निवडून बियाणे राखेत ठेवतात. उशिरा पाऊस आला आणि दुबार पेरणीची वेळ आली, तर पिशवीचे बियाणे पुन्हा घ्यायला उधारी करावी लागत नाही. बांधावरची बोर, लिंब आणि हिवर राखणे, गायरानातले गवत वाचवणे आणि बियाणे घरात ठेवणे ही कामे कोणत्याही अंदाजपत्रकात येत नाहीत, आणि ती बहुतेक बायकाच करतात. ताळेबंदाची ग्रामसभा घ्याल तेव्हा ती बायकांना येता येईल अशा वेळी घ्यावी, ही माझी विनंती आहे.

बालाघाटचा पायथा यांचा प्रतिसाद

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री ताळेबंदाचा गुणाकार वहीत उतरवून मी तो चुलतभावाला दाखवला. ऊस लावणाऱ्यांपैकी तोही एक आहे. तो बराच वेळ बोलला नाही, आणि मग म्हणाला की हा आकडा खरा असेल तर आपल्या पाझर तलावातला गाळ कशासाठी उपसला? त्याने लगेच ऊस मोडावा असे माझे म्हणणे नाही, खोडवा, म्हणजे तोडणीनंतर फुटलेला ऊस, निघेपर्यंत आम्ही थांबू शकतो.

श्रमदान करूच, पण या वेळी क्रम बदलावा असे मी सुचवणार आहे. आधी दहा विहिरींची पातळी मोजायची. आमच्या आळीतल्या चार विहिरींना टेप लावण्याचे काम मी आणि दोन विद्यार्थी घेतो आहोत. नवी बोअर नको, नवा ऊस नको आणि शेततळे वर्षात एकदाच भरायचे, एवढे तीन ठराव ग्रामसभेपुढे ठेवू. डाळिंबवाल्या मित्रांनी लिहिलेली जुन्या बागांची सवलत त्यात आरंभीच लिहू, नाहीतर अर्धी सभा उठून जाईल. गायरान बंद करण्याआधी शेळ्यावाल्या सात घरांशी स्वतंत्र बोलायचे ठरवले आहे. ती घरे सभेला येतात, पण मागे उभी राहतात आणि बोलत नाहीत.

खडकओळख यांना एक शंका विचारायची आहे. आमच्या वरच्या अंगाला दुसऱ्या गावाची हद्द आहे आणि तेथेही पंधरा-वीस बोअर आहेत. ओढा एकच आहे. अशा वेळी ताळेबंद दोन्ही गावांनी मिळून मांडावा, की आम्ही आमच्यापुरता मांडून पुढे त्यांच्याकडे जावे?